नेत्याचा पिंड आणि देशाचे परराष्ट्र धोरण

कोणत्याही देशाच्या परराष्ट्र धोरणाचा बराचसा भाग पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष निवडत नाही, तो त्याच्या वाट्याला आलेला असतो. सीमेपलीकडे कोण आहे, तिजोरीत किती आहे, सैन्याकडची शस्त्रे कुठून येतात, इंधनासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागते, हे सगळे निवडणुकीच्या निकालाने बदलत नाही. तरीही काही प्रसंग असे येतात की माहिती अर्धवट असते, वेळ थोडा असतो आणि समोरचे दोन्ही मार्ग सारखेच पटण्याजोगे दिसतात. अशा वेळी फायलींमधले मुद्दे संपतात आणि निर्णय घेणाऱ्याचा पिंड बोलू लागतो. समोरच्यावर विश्वास ठेवावा की संशय घ्यावा, थांबावे की झेप घ्यावी, उघड बोलावे की गुपचूप करावे, याची उत्तरे तेव्हा स्वभावातून येतात.

भारतात या स्वभावाला इतर अनेक लोकशाही देशांपेक्षा जास्त वाव मिळतो. अमेरिकेत परराष्ट्रांशी केलेल्या औपचारिक तहाला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची संमती लागते. भारतात करार करणे हा सरकारचा अधिकार आहे. त्यासाठी देशातला कायदा किंवा राज्यघटना बदलावी लागणार नसेल, तर संसदेची पूर्वसंमती आवश्यक नसते. त्यात स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंतप्रधानांनी परराष्ट्र खाते सतरा वर्षे स्वतःकडेच ठेवले. परराष्ट्र धोरण हे पंतप्रधानांचे घरचे खाते, ही समजूत तेव्हापासूनची आहे.

जवाहरलाल नेहरूंचा दृष्टिकोन सत्तेवर येण्याच्या बराच आधी घडला होता. १९२७ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या साम्राज्यशाहीविरोधी परिषदेला ते काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९३६ मध्ये रोममार्गे परतताना मुसोलिनीची भेट त्यांनी आग्रहाने टाळली, आणि १९३८ मध्ये यादवी युद्धाने होरपळलेल्या स्पेनमध्ये जाऊन आले. या काळात त्यांच्या मनात जगाचे एक चित्र पक्के झाले. त्यात खरा अन्याय युरोपच्या वसाहतवादाचा होता आणि त्याखाली भरडलेले देश एकमेकांचे स्वाभाविक सोबती होते. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये, दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली ती याच श्रद्धेतून. पुढे १९५५ ची बांडुंग परिषद आणि १९६१ मधली बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद हीही त्याच झाडाची फळे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाचे म्हणणे जगाने कान देऊन ऐकावे, हे या श्रद्धेशिवाय घडले नसते.

पण श्रद्धेने जिथे नजर लख्ख केली तिथेच ती थोडी आंधळीही झाली. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले. ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना सविस्तर पत्र लिहून उत्तर सीमेवरच्या नव्या धोक्याची जाणीव करून दिली. दोघांपुढे माहिती जवळपास सारखीच होती. पटेलांनी तिचा अर्थ संस्थाने विलीन करून घेणाऱ्या माणसाच्या नजरेने लावला: शेजारी प्रबळ सत्ता उभी राहत असेल तर ती काय म्हणते यापेक्षा काय करू शकते हे मोजावे. नेहरूंना मात्र चीन हा साम्राज्यशाहीच्या जाचातून सुटलेला, आशियाच्या पुनरुत्थानातला भागीदार वाटत होता. पुढच्याच महिन्यात पटेल गेले, आणि मंत्रिमंडळात बरोबरीच्या नात्याने वेगळे बोलणारा माणूस उरला नाही.

२९ एप्रिल १९५४ ला चीनशी झालेल्या तिबेटविषयीच्या करारात पंचशील, म्हणजे शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वे, आली. नेहरू भाबडे होते असे सोपे वाक्य नेहमी ऐकू येते, पण ते पुरेसे नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनीच उत्तर सीमा नकाशावर ठाम रेघेने दाखवण्याची आणि तिच्यावर चर्चा न करण्याची सूचना दिली होती. म्हणजे मनात मैत्री आणि नकाशावर ताठरपणा, असे दुहेरी धोरण होते. अडचण अशी की या दोहोंना जोडणारी लष्करी तयारी कुठेच नव्हती. चीन हल्ला करणारच नाही, हे गृहीत धरलेले होते. १९५७ मध्ये अक्साई चीनमध्ये चीनने बांधलेल्या रस्त्याची बातमी आली, १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि लोंगजू व कोंगका खिंडीत रक्त सांडले. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले, तेव्हा पूर्वेकडचा भाग तुमच्याकडे आणि अक्साई चीन आमच्याकडे, अशा देवाणघेवाणीचा सूर त्यांनी लावला. नेहरूंनी तो मानला नाही. लोकसभा आणि वृत्तपत्रे इतकी तापलेली होती की मानला असता तरी निभावला असता का, याची शंकाच आहे. तडजोडीची वेळ टळली आणि युद्धाची तयारी झालेली नव्हती. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला, आणि १९ नोव्हेंबरला अलिप्ततेच्या शिल्पकाराने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्रे पाठवून अमेरिकी हवाई दलाची मदत मागितली.

कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ही म्हणच महाराष्ट्रात रूढ झाली. धोरणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट मेनन यांच्या उदाहरणात दिसते. नेता सल्लागार निवडतो तेव्हा बहुधा स्वतःच्या कलाचाच माणूस निवडतो. मेनन यांचा पाश्चात्त्यांवरचा राग आणि चीनविषयीचा निर्धास्तपणा नेहरूंच्या मताला छेद देणारा नव्हता, तो त्याला पुष्टी देणारा होता.

गोव्याच्या प्रश्नात नेहरूंचा हाच पिंड मराठी माणसाने जवळून अनुभवला. सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्यासारखे नेते सत्याग्रहात उतरले. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले. तरीही नेहरूंनी सैन्य पाठवले नाही. जगाला शांततेचे धडे देणाऱ्याने शस्त्र उचलणे त्यांना अवघड जात होते. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य अखेर शिरले तेव्हा काम दीड दिवसात उरकले. त्याआधीची चौदा वर्षे मुख्यतः या संकोचाची होती.

लालबहादूर शास्त्रींना पंतप्रधानपदाचे जेमतेम एकोणीस महिने मिळाले. जगाच्या व्यासपीठाचे त्यांना आकर्षण नव्हते, आणि परराष्ट्र खाते त्यांनी लवकरच सरदार स्वर्णसिंगांकडे सोपवले. पण सप्टेंबर १९६५ मध्ये काश्मीरवरचा दाब हलका करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने सैन्य पाठवण्याचा हुकूम याच मृदुभाषी माणसाने दिला. बोलण्यातला मवाळपणा आणि निर्णयातला मवाळपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाकिस्तानच्या अयुब खानांना तेव्हा कळले.

इंदिरा गांधी नेहरूंच्याच घरात वाढल्या, पण जगाकडे पाहण्याची त्यांची नजर वडिलांच्या अगदी उलट होती. नेहरूंना माणसे मुळात चांगली वाटत, इंदिराजींना ती मुळात संशयास्पद वाटत. देशांच्या बाबतीतही तेच. १९७१ हे वर्ष या पिंडाला साजेसे उगवले. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पुढच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. विरोधक, वृत्तपत्रे, मंत्रिमंडळातले काही जण ताबडतोब कारवाई मागत होते. सेनाप्रमुख माणेकशांनी पावसाळ्यापूर्वी उतरण्यास विरोध केला. पूर्व बंगालच्या नद्या फुगलेल्या असतील, आणि हिवाळ्यात हिमालयाच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीनची चिंता कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. इंदिराजी थांबल्या. भावनेच्या लाटेवर आठ महिने हात आवरून धरणे सोपे नव्हते.

हे आठ महिने रिकामे गेले नाहीत. जुलैत अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले आणि अमेरिका, चीन व पाकिस्तान एका बाजूला झुकल्याचे दिसू लागले. ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएत संघाशी शांतता, मैत्री आणि सहकार्याचा करार केला. धोका निर्माण झाल्यास एकमेकांशी तातडीने सल्लामसलत करण्याचे कलम त्यात होते. चीन आणि अमेरिकेला आवर घालण्यास एवढे पुरेसे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या स्वतः पाश्चात्त्य राजधान्या फिरल्या. वॉशिंग्टनमधली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची भेट थंड गेली, पण शांततेचे सर्व मार्ग चोखाळून पाहिल्याची नोंद झाली. पी. एन. हक्सर, डी. पी. धर, गुप्तहेर संस्थेचे रामेश्वरनाथ काव असे मोजकेच लोक आतल्या गोटात होते, आणि बाहेर काही झिरपत नव्हते. ३ डिसेंबरला युद्ध पेटले, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे त्र्याण्णव हजार जण भारताच्या ताब्यात आले, आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिम आघाडीवर भारताने एकतर्फी युद्धबंदी केली. कुठवर जायचे हे आधीच ठरलेले असल्याचे त्यातून दिसते.

या युद्धानंतरच्या सिमला करारात बापलेकीमधला फरक सर्वांत स्पष्ट होतो. नेहरूंनी काश्मीरचा प्रश्न १९४८ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांकडे नेला, कारण न्यायाची बाजू तिथे ऐकली जाईल असे त्यांना वाटले. तिथे ब्रिटन आणि अमेरिकेचे राजकारण भेटले. दुधाने तोंड पोळलेल्या घराने ताक फुंकून प्यावे तसे झाले. जुलै १९७२ मध्ये इंदिराजींनी तिसऱ्या कोणाला मध्ये न आणता दोघांनीच प्रश्न सोडवण्याचे तत्त्व पाकिस्तानच्या भुट्टोंकडून कबूल करून घेतले. भारत आजही त्यावर ठाम आहे. मात्र काश्मीरचा कायमचा निकाल कागदावर न घेता जिंकलेला पश्चिमेकडचा मुलूख परत दिला, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. पराभूताला नाक घासायला लावलेला तह टिकत नाही, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचे काय झाले ते पाहा, असे हक्सरांचे म्हणणे होते. संशयी स्वभावाच्या पंतप्रधानांनी आयुष्यातली सर्वांत मोठी सवलत दिली ती सल्लागाराच्या या इतिहासवाचनामुळे.

तोच संशयी स्वभाव घरातल्या विरोधकांकडेही तसाच पाहू लागला आणि आणीबाणी आली. त्याच काळात, १९७६ मध्ये, यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना चीनशी पुन्हा राजदूतांची देवाणघेवाण ठरली. १९६२ नंतर संरक्षण खाते उभे करणाऱ्याच्या वाट्याला हे काम यावे, हा योग क्वचितच कोणाच्या ध्यानात राहिला आहे.

१९७७ मध्ये आलेल्या मोरारजी देसाईंनी ‘खरी अलिप्तता’ आणू असे जाहीर केले. गांधीवादी मोरारजींचा अण्वस्त्रांना नैतिक विरोध होता, आणि पोखरणचा १९७४ चा स्फोट त्यांना रुचला नव्हता. सोव्हिएत संघापासून भारत दूर जाणार असे अनेकांना वाटले. मोरारजी ऑक्टोबरात मॉस्कोला गेले, करार जिथल्या तिथे राहिला. शस्त्रपुरवठ्याचे गणित नैतिक आवडीनिवडीने सुटणारे नव्हते. त्यांचा पिंड दिसला तो शेजाऱ्यांशी वागण्यात: बांगलादेशाशी फराक्काच्या पाण्याचा करार, पाकिस्तानशी सलाल धरणाचा करार. त्यांचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनला गेले. ते तिथे असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला.

राजीव गांधी चाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. जुन्या गाठी एका घावात तोडण्याची त्यांना घाई होती. याच घाईने २९ जुलै १९८७ ला श्रीलंकेशी करार झाला. तिथल्या सशस्त्र बंडखोर तमिळ वाघांची त्याला मनापासून मान्यता नव्हती आणि सिंहली जनमतही चिडलेले होते. शांतिसेना म्हणून गेलेले सैन्य काही आठवड्यांतच वाघांशी लढू लागले. सुमारे बाराशे जवान गमावून ते मार्च १९९० मध्ये परतले. दुसरीकडे डिसेंबर १९८८ मध्ये राजीव बीजिंगला गेले. १९५४ च्या नेहरूंच्या भेटीनंतर चौतीस वर्षांत एकही भारतीय पंतप्रधान तिकडे फिरकला नव्हता. सीमेचा प्रश्न सुटेपर्यंत बाकीचे सगळे अडवून ठेवायचे नाही, ही वाट तिथे उघडली. अनुभवी मुत्सद्दी कदाचित या दोन्ही वाटांना गेलाच नसता.

पी. व्ही. नरसिंह राव हे नेमके उलटे टोक. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले, उत्तम मराठी जाणणारे आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे राव अनेक वर्षे परराष्ट्रमंत्री होते. निर्णय न घेणे हाही निर्णयच, अशा आशयाचे वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते. ते चेष्टेने सांगितले जात असले, तरी १९९१ च्या परिस्थितीत हा स्वभाव उपयोगी ठरला. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत संघच नाहीसा झाला. ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्ध उठाव झाला, तेव्हा सुधारणांची घाई करणाऱ्यांना हा इशारा आहे, अशा अर्थाचे काहीतरी राव बोलून गेले. उठाव तीन दिवसांत फसला. सावध माणसाचीही जीभ अशी कधी घसरते.

बाकी मात्र त्यांनी सगळे आवाज न करता केले. इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडायचे तर अरब देश आणि देशातले मुस्लिम मतदार दोन्ही सांभाळायचे होते. जानेवारी १९९२ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत दिल्लीला येऊन गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ तारखेला, निर्णय जाहीर झाला. आग्नेय आशियाकडे वळण्याचे धोरणही त्याच सुमाराचे. सप्टेंबर १९९३ मध्ये प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार चीनशी झाला. १९९४ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगात पाकिस्तान काश्मीरवर ठराव आणत होता, तेव्हा रावांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींना दिले. ठराव मागे घेतला गेला. १९९५ च्या अखेरीस पोखरणला चाललेली अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि राव थांबले. सगळे सज्ज आहे, पुढे तुम्ही करा, असे त्यांनी आपल्याला सांगितल्याचे वाजपेयींनी रावांच्या निधनानंतर उघड केले.

ते काम वाजपेयींनी ११ आणि १३ मे १९९८ ला केले. नऊ महिन्यांनी हेच पंतप्रधान बसने लाहोरला गेले. या दोन कृती परस्परविरोधी वाटतात, पण त्यांच्या लेखी तसे नव्हते. आधी ताकद सिद्ध करायची आणि मग उदार व्हायचे, ही त्यांची रीत होती. पाकिस्तानने कारगिलमध्ये घुसखोरी करून विश्वासघात केला, तरी नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा हुकूम त्यांनी हवाई दलालाही दिला, आणि जगाची सहानुभूती भारताकडे वळली. पाकिस्तानशी आग्र्यात झालेली बोलणी फसली, संसदेवर हल्ला झाला, सैन्य दहा महिने सीमेवर उभे राहिले. तरी १८ एप्रिल २००३ ला श्रीनगरहून त्यांनी पुन्हा मैत्रीचा हात पुढे केला आणि वर्षअखेर युद्धबंदी झाली. दरम्यान १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण होऊन ब्रजेश मिश्र त्यावर बसले. पंतप्रधानांच्या मनातली गोष्ट परराष्ट्र मंत्रालयाचा वळसा न घेता थेट बाहेर पोचवणारी ही वाट पुढच्या सर्व सरकारांनी वापरली.

मनमोहन सिंग यांना अबोल म्हटले गेले, आणि ते होतेही. पण अमेरिकेबरोबरच्या १८ जुलै २००५ च्या संयुक्त निवेदनातून निघालेल्या अणुकरारासाठी त्यांनी सरकार पणाला लावले. डाव्यांनी पाठिंबा काढल्यावर २२ जुलै २००८ ला २७५ विरुद्ध २५६ मतांनी ते तरले. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला होऊन १६६ जण मारले गेले, आणि या वेळी त्यांनी लष्करी उत्तर दिले नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी नंतर लिहिले की त्यांचा स्वतःचा कल प्रथम प्रत्युत्तराकडे होता, पण पुढे संयमच योग्य वाटला. नरेंद्र मोदींच्या सरकारने उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये आणि पुलवामाच्या हल्ल्यानंतर २०१९ मध्ये दुसरा, लष्करी प्रत्युत्तराचा मार्ग धरला. यातला किती भाग नेत्याच्या स्वभावाचा आणि किती बदललेल्या लष्करी क्षमतेचा व जनमताचा, याचे वजन कोणालाच नेमके करता येणार नाही. याच मोदींनी डिसेंबर २०१५ मध्ये अचानक लाहोरला उतरून पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांची भेट घेतली होती, आणि आठवड्याभरात पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला होता. व्यक्तिगत मैत्रीवरचा त्यांचा भर चीनच्या शी जिनपिंग यांच्याबाबतही दिसला: अहमदाबाद, वुहान, ममल्लपुरम. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवान शहीद झाले आणि त्या मैत्रीची मर्यादा कळली.

याच नेत्यांपुढे एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा आला आणि त्याचे उत्तर कोणीही फारसे बदलले नाही. मॉस्कोने शेजारच्या देशात सैन्य घातले तर काय करायचे? १९५६ मध्ये हंगेरीच्या वेळी नेहरूंच्या भारताने संयुक्त राष्ट्रांत पहिल्या ठरावावर तटस्थता पत्करली आणि नंतरच्या एका ठरावाच्या विरोधातही मत दिले. सुएझवरच्या हल्ल्याविरुद्ध इतका कडाडलेला देश इथे गप्प का, असे तेव्हा सर्वत्र विचारले गेले. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी आणि १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या वेळी इंदिराजींच्या भारताने तटस्थ मत दिले. २०१४ मध्ये क्रिमियाच्या वेळी मनमोहन सिंगांच्या आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या वेळी मोदींच्या सरकारनेही तेच केले. काश्मीरवरचा सोव्हिएत नकाराधिकार, रणगाड्यांपासून लढाऊ विमानांपर्यंतची शस्त्रे आणि उत्तरेला चीन, या तीन गोष्टींनी आदर्शवादी, संशयी, अबोल आणि धडाडीचा अशा सगळ्यांना एकाच जागी आणून उभे केले. युक्रेन युद्धानंतर त्यात स्वस्त तेलाची भर पडली, आणि एकेकाळी नगण्य असलेला रशियाचा वाटा भारताच्या तेल आयातीत एक तृतीयांशाच्याही पुढे गेला.

स्वभावाला उरली ती जागा सुराची. हंगेरीवर नेहरू उशिरा का होईना, संसदेत नापसंती बोलून गेले. अफगाणिस्तानवरची नाराजी इंदिराजींनी जाहीर सभेत नव्हे, सोव्हिएत नेत्यांशी खासगी बोलताना व्यक्त केली. मोदींनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू असताना पुतिन यांना सांगितले की हा काळ युद्धाचा नाही.